'पात्र' कोण? : प्रेक्षकांच्या निवाड्याविषयी

१

लोकप्रिय संस्कृतीचा अभ्यास करावा की करू नये, हा वाद मराठीपुरता तरी आता मिटला आहे आणि तो मिटला हे बरेच झाले. दूरचित्रवाणीवरील मालिका, चित्रपटगीते, जाहिराती यांचे नाव निघताच नाक मुरडणारी समीक्षा अभिरुचीच्या पहाऱ्यावर बसलेली होती. तिला तेथून उठवणे आवश्यकच होते. प्रस्तुत लेखाचा रोख त्या जुन्या समीक्षेवर नाही. तिच्या रिकाम्या जागी जी एक नवी समजूत ऐसपैस बसू लागली आहे, तिच्यावर आहे. ती समजूत थोडक्यात अशी : प्रेक्षक निष्क्रिय नसतो, संहितेचा अर्थ तो स्वतः घडवतो, सबब प्रेक्षकाचे मत हीच समीक्षा होय, आणि ही समीक्षा अधिक लोकशाहीवादी असल्याने तिची चिकित्सा करण्याचा अधिकार विद्यापीठीय समीक्षकाला उरत नाही. त्याने मते गोळा करावीत, त्यांचे वर्गीकरण करावे, त्यांत दडलेल्या 'प्रतिरोधाच्या शक्यता' दाखवाव्यात आणि थांबावे.

यांतील पहिली दोन विधाने मला मान्य आहेत. उरलेली दोन त्यांतून निष्पन्न होतात, असे मात्र मला वाटत नाही. अर्थ घडवणे ही एक क्रिया आहे आणि घडवलेल्या अर्थाच्या आधारे निवाडा देणे ही दुसरी. पहिल्या क्रियेतील स्वातंत्र्य दुसऱ्या क्रियेला आपोआप मिळत नाही. कादंबरीच्या बाबतीत हा भेद फारसा जाणवत नाही, कारण तेथे निवाड्याचे परिणाम भोगणारे कोणी नसते. म्हणून ज्या ठिकाणी तो भेद डोळ्यांआड करताच येणार नाही, असे उदाहरण मी मुद्दाम घेतो आहे : अमेरिकेतील 'सर्व्हायव्हर' हा स्पर्धात्मक कार्यक्रम आणि त्यातील स्पर्धकांविषयी प्रेक्षकांनी गेली पंचवीस वर्षे हिरिरीने मांडलेली मते.

२

या कार्यक्रमाची मूळ कल्पना ब्रिटिश निर्माते चार्ली पार्सन्स यांची. ती प्रथम पडद्यावर आली १९९७ मध्ये स्वीडनमध्ये, 'एक्स्पेडिशन रॉबिन्सन' या नावाने. अमेरिकेत सीबीएस वाहिनीने ३१ मे २००० रोजी तिचे प्रक्षेपण सुरू केले. मलेशियातील बोर्निओनजीकच्या पुलाऊ टिगा या बेटावर १६ स्पर्धकांना दोन टोळ्यांत विभागून ३९ दिवस ठेवण्यात आले. शर्यतीत हरणाऱ्या टोळीने सभा भरवून आपल्यातीलच एकाला मताने बाहेर काढायचे. पुढे दोन्ही टोळ्या एक व्हायच्या आणि हाच क्रम चालू राहायचा. शेवटी उरलेल्या दोघांपैकी (नंतरच्या बहुतेक पर्वांत तिघांपैकी) विजेता कोण, हे आधी बाहेर काढल्या गेलेल्या स्पर्धकांच्या ज्यूरीने ठरवायचे. बक्षीस १० लाख डॉलर.

नाव 'तगून राहण्या'चे असले तरी बेटावरची भूक, पाऊस आणि डास कोणाला क्वचितच बाहेर काढतात; काढतात ती सोबतची माणसे. आणि कार्यक्रमाचे खरे नाट्यबीज ज्यूरीच्या नियमात आहे. ज्यांची संधी आपण हिरावून घेतली, त्यांच्याच पुढे शेवटी हात पसरायचा, अशी ही रचना आहे. पहिल्या पर्वाचा अखेरचा भाग २३ ऑगस्ट २००० रोजी ५ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. त्यात रिचर्ड हॅच ४ विरुद्ध ३ मतांनी जिंकला. चौघांची युती करून इतरांना एकेक करून बाहेर काढण्याची चाल त्याने खेळली होती. ही चाल म्हणजे लबाडी की खेळातील कौशल्य, यावर प्रेक्षकांत जो वाद पेटला तो पुढील प्रत्येक पर्वागणिक नव्याने पेटत आला आहे. त्या वादाचा मध्यवर्ती प्रश्न एकच : जिंकायला पात्र कोण होते?

मराठीत हा प्रश्न विचारताच त्यातील गोम उघडी पडते. 'पात्र' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. नाटकात वा कथेत वावरणारी व्यक्ती, हा एक अर्थ. लायक, अधिकारी, हा दुसरा. पहिला संहितेच्या आतला आहे, दुसरा व्यवहारातला. 'सर्व्हायव्हर'च्या प्रेक्षकांचे मत या दोन अर्थांमध्ये सतत घसरत राहते : पडद्यावर जे पात्र म्हणून ठसले, तेच बक्षिसाला पात्र मानले जाते, जे ठसले नाही, ते अपात्र. माझ्या प्रतिपादनाचा गाभा एवढाच आहे की ही घसरण म्हणजे समीक्षा नव्हे, आणि तिला समीक्षा म्हणून गौरवणारा अभ्यासक आपले काम टाळतो आहे.

३

प्रेक्षकाच्या सक्रियतेचा सिद्धान्त ज्या अभ्यासांतून आला, ते आठवून पाहावेत. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये 'एन्कोडिंग' आणि 'डीकोडिंग' या दोन क्रिया वेगळ्या काढल्या आणि प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा त्याच्या विरोधात वाचतो, हे दाखवून दिले. ईन आंग यांनी 'डॅलस' या अमेरिकन मालिकेविषयी डच प्रेक्षकांनी पाठवलेली ४२ पत्रे आधाराला घेऊन केलेला अभ्यास १९८५ मध्ये इंग्रजीत आला. मालिका 'खोटी' आहे हे जाणूनही प्रेक्षकाला तिच्यात भावनेचे सत्य कसे सापडते, हे त्यांनी सहानुभूतीने उलगडले. हे काम मोलाचे आहे. परंतु 'डॅलस'मधील खलनायकाची प्रेक्षकाने कितीही निर्भर्त्सना केली, तरी ती त्या भूमिकेची असते. भूमिका करणारा नट चेहरा पुसून घरी जातो. बेटावरून परतणाऱ्या स्पर्धकाला पुसायला वेगळा चेहरा नसतो. आपले अभ्यासक पहिल्या प्रकारासाठी घडवलेले साधन दुसऱ्या प्रकाराला जसेच्या तसे लावतात आणि मधला फरक 'संहिता' या एका शब्दाखाली झाकून टाकतात.

हा फरक नेमका काय आहे, हे सांगण्यासाठी आपल्याच परंपरेतील एक विचार उपयोगी पडेल. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील तीन येथे पाहण्यासारखी आहेत. पहिले संभावनाविरहाचे : समोर चाललेले शक्यच नाही असे वाटले, तर मन त्यात स्थिरावत नाही. दुसरे देशकालविशेषाच्या आवेशाचे : हे सुखदुःख माझे किंवा अमक्या विशिष्ट माणसाचे, असे वाटू लागले की साधारणीकरण होत नाही आणि आस्वाद खुंटतो. तिसरे संशययोगाचे : दिसणारा अनुभाव कोणत्या भावाचा, याबद्दल शंका उरली, तर रसप्रतीती होत नाही. डोळ्यांतले पाणी शोकाचे की आनंदाचे, हे नाटकात विभावादिकांच्या संयोगातून निश्चित व्हावे लागते.

आता 'सर्व्हायव्हर'कडे पाहावे. 'हे खरोखर घडले आहे' या हमीने पहिले विघ्न निर्मात्यांनी आधीच दूर केलेले असते. दुसरे आणि तिसरे विघ्न मात्र दूर केलेले नसते. उलट तेच भांडवल म्हणून गुंतवलेले असते. हा रडणारा माणूस अमुक गावचा, अमुक धंद्याचा, खराखुरा माणूस आहे, याच जाणिवेवर आस्वाद उभा असतो. आणि त्याचे अश्रू खरे की डावपेचाचे, हा संशय फिटू न देणे हीच रंजनाची युक्ती असते. २००३ च्या एका पर्वात एका स्पर्धकाने आजीच्या मृत्यूची खोटी बातमी रचून सहानुभूती मिळवली. आजी घरी सुखरूप होती. प्रेक्षक त्या प्रसंगाची आठवण आजही काढतात, कारण त्यानंतर या कार्यक्रमातील कोणतेच दुःख संशयातीत राहिले नाही. रसशास्त्राने ज्यांना विघ्ने म्हटले, तीच जेथे आस्वादाची अट बनतात, तेथे आस्वादकाला 'सहृदय' म्हणावे की परीक्षक म्हणावे की बघ्या, हा प्रश्न उपस्थित करणे आवश्यक ठरते. 'सक्रिय वाचक' ही उपाधी या प्रश्नाचे उत्तर देत नाही. ती फक्त प्रश्न गिळून टाकते.

४

मुद्दा स्पष्ट करण्यासाठी एका पर्वाचा तपशील घेऊ. २००९ मध्ये प्रक्षेपित झालेले एकोणिसावे पर्व सामोआ येथे चित्रित झाले होते. त्यात रसेल हँट्झ नावाच्या स्पर्धकाने पहिल्या दिवसापासून आपल्याच टोळीला अस्वस्थ ठेवण्याचा उद्योग केला. सोबत्यांच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या केल्या, एकाचे मोजे जाळले, कतरिना वादळातून बचावलेला अग्निशामक म्हणून स्वतःची खोटी करुणकथा सांगितली. मतदानातून वाचवणाऱ्या लपवलेल्या मूर्ती त्याने कोणताही सुगावा नसताना शोधून काढल्या. टोळ्या एक झाल्या तेव्हा त्याच्या बाजूला चौघे आणि समोर आठ अशी स्थिती होती. तरीही शेवटी उरलेले तिघे त्याच्याच बाजूचे होते. ज्यूरीने मात्र नॅटली व्हाइट हिला ७ मते दिली, रसेलला २ आणि तिसऱ्याला एकही नाही.

प्रेक्षकांतील फार मोठ्या वर्गाने हा निकाल अन्याय ठरवला. ज्यूरी 'कडवट' झाली, तिने खेळाचा नव्हे तर स्वतःच्या दुखावलेल्या अहंतेचा निकाल दिला, असा आरोप झाला. 'कडवट ज्यूरी' हा शब्दप्रयोग तर पारिभाषिक संज्ञेसारखा वापरला जातो. त्याच पर्वात प्रेक्षकांच्या मताने दिले जाणारे सर्वोत्कृष्ट खेळाडूचे १ लाख डॉलरचे बक्षीस रसेलला मिळाले. म्हणजे एकाच खेळाचे दोन निकाल लागले : बेटावर राहिलेल्यांचा एक आणि बेट पाहणाऱ्यांचा दुसरा.

प्रेक्षकांच्या मताचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने येथे थांबून विचारले पाहिजे, की हे दोन निवाडे एकाच वस्तूविषयी आहेत काय? ३९ दिवस म्हणजे ९३६ तास. पडद्यावर त्यांतील जेमतेम बारा-पंधरा तास येतात. त्या तासांत रसेल जवळजवळ अखंड दिसतो आणि कॅमेऱ्यासमोर एकांतात बोलतो. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत ही स्वगते होत : ती रंगमंचावरच्या इतर पात्रांना ऐकू येत नाहीत, केवळ प्रेक्षकांना येतात. रसेलचे कौशल्य प्रेक्षकांना कळले ते प्रामुख्याने या स्वगतांतून. ज्यूरीने ती ऐकलेली नव्हती. तिने त्याच्यासोबत एकाच पालाखाली पावसात रात्री काढल्या होत्या, आणि त्या रात्री प्रेक्षकांनी पाहिलेल्या नव्हत्या. नॅटलीचे काम या पर्वात थोडकेच दाखवले गेले. पण जे दाखवले त्यातही एक गोष्ट स्पष्ट होती. दोन्ही टोळ्या एक झाल्यावरच्या पहिल्या मतदानात समोरच्या टोळीतील स्त्रियांना त्यांच्याच एका माणसाविरुद्ध वळवण्यात तिचा मोठा वाटा होता, आणि चौघांचा पुढचा मार्ग तेथूनच मोकळा झाला. ज्या माणसाला तिने असे बाहेर काढवले, त्यानेच अखेरच्या सभेत ज्यूरीसमोर तिची बाजू घेतली. त्याला 'कडवट' कसे म्हणायचे?

तेव्हा प्रेक्षकांचा निवाडा चुकला असे मला म्हणायचे आहे काय? एका अर्थाने नाही. रसेल हे त्या पर्वातील सर्वांत ठसठशीत पात्र होते, हा त्यांचा निर्णय संहितेपुरता निर्विवाद आहे. नॅटलीचे चित्रण पुसट झाले, हेही खरे. पण तो दोष चित्रणाचा आहे, तो तिच्या खात्यावर मांडला गेला. कथनमीमांसेत ज्याला केंद्रीकरण म्हणतात, त्याचा परिणाम व्यक्तीचा गुण म्हणून वाचला गेला. ज्याच्या दृष्टीतून कथा सांगितली जाते त्याच्याकडे वाचकाची सहानुभूती वळते, ही गोष्ट आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. लक्षावधी प्रेक्षकांनी तीच गोष्ट घडू दिली, तर तिला 'पर्यायी समीक्षा' म्हणून डोक्यावर घ्यायचे कशासाठी?

५

यावर एक सबळ आक्षेप येईल आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रेक्षकांना संकलनाची जाणीव नसते, हे गृहीतकच चुकीचे आहे, असे म्हटले जाईल. ते खरे आहे. 'सर्व्हायव्हर'च्या जुन्या प्रेक्षकांनी संकलनाच्या तर्काचे वाचन ही एक स्वतंत्र विद्याच विकसित केली आहे. कोणत्या भागात कोणाची किती स्वगते आली, ती अनुकूल स्वरात होती की प्रतिकूल, कोणाला 'गुंतागुंतीचे' दाखवले आणि कोणाला 'अदृश्य' ठेवले, याची कोष्टके मांडून ते विजेता कोण असेल याचे भाकीत करतात. हेन्री जेन्किन्स यांनी 'कन्व्हर्जन्स कल्चर' (२००६) या ग्रंथात या कार्यक्रमाच्या चाहत्यांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. चित्रीकरणाची स्थळे व निकाल आधीच शोधून काढण्यासाठी ते सामूहिकपणे जी खटपट करतात तिच्यात जेन्किन्स यांना ज्ञाननिर्मितीचा एक नवा प्रकार दिसला.

या चाहत्यांचे वाचनकौशल्य मी नाकारत नाही. आपल्या अनेक एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी कादंबरी इतक्या बारकाईने वाचली, तर मला समाधान वाटेल. पण नेमकी याच ठिकाणी माझी तक्रार अधिक तीव्र होते. संहितेला कर्ता आहे, त्याने निवड केलेली आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याची घसरण क्षम्य मानता येईल. ज्याला ते ठाऊक आहे, तो प्रेक्षक भाकीत करताना संकलकाला जागा ठेवतो आणि निवाडा देताना मात्र त्याला विसरतो. 'हिला अदृश्य ठेवले आहे, म्हणजे ही जिंकणार नाही', असे अनुमान करणारा तोच प्रेक्षक ती जिंकल्यावर म्हणतो, 'हिने काहीच केले नाही'. वाचनाची सगळी साधने येथे अंदाज बांधण्याच्या सेवेला लावलेली आहेत. संयमाच्या सेवेला त्यांतील एकही नाही.

लेखकाच्या मृत्यूची घोषणा रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये केली ती वाचकाला मोकळे करण्यासाठी. येथे त्या घोषणेचा लाभ भलत्यालाच होतो. संकलक आणि निर्माता दृष्टीआड होतात, ते कोणालाच उत्तरदायी राहत नाहीत, आणि सारी जबाबदारी ज्याने संहितेचे एक वाक्यही लिहिलेले नाही त्या स्पर्धकावर येऊन पडते. लेखक नाहीसा झाला आणि पात्राला शिक्षा झाली, असा हा प्रकार आहे.

भरताने याहून अधिक सावध विचार केला होता. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षक आणि प्राश्निक या दोन भूमिका वेगळ्या सांगितल्या आहेत. प्रेक्षकाची योग्यता समभावाची : रंगभूमीवरच्या आनंदाने जो आनंदतो आणि शोकाने शोकाकुल होतो, तो प्रेक्षक. प्रयोगांमध्ये स्पर्धा लागली आणि पताका कोणाला द्यावी हा प्रश्न आला, म्हणजे प्राश्निक लागतात. आणि त्यांची योग्यता विषयज्ञानाची आहे. यज्ञकर्माबद्दल याज्ञिकाने सांगावे, छंदाबद्दल छंद जाणणाऱ्याने, शस्त्रांबद्दल धनुर्धराने, गणिकेच्या वागण्याबद्दल गणिकेने. जो तो आपल्या अनुभवाच्या सीमेत बोलतो. शिवाय पताका मिळते ती प्रयोगाला. दुर्योधनाचे पात्र प्रभावी झाले म्हणून दुर्योधनाला पताका द्यावी, असे कोणी म्हणत नाही.

'सर्व्हायव्हर'ची ज्यूरी, तिच्या साऱ्या रागलोभांसह, प्राश्निकाच्या जवळची आहे. तिला निवाड्याचा अधिकार मिळतो तो सहवासातून, आणि त्या अधिकाराची किंमत तिने स्वतः हरून मोजलेली असते. प्रेक्षक समभावाच्या बळावर प्राश्निकाचे आसन मागतो. कार्यक्रम ते त्याला आनंदाने देऊ करतो, कारण त्यात धंदा आहे. २००४ मध्ये जुन्या स्पर्धकांच्या एका पर्वानंतर प्रेक्षकांच्या मतांवर आणखी १० लाख डॉलर दिले गेले. कोट्यवधी मते पडली आणि त्यांतील प्रचंड बहुमताने रुपर्ट बोनहॅम हा सर्वांचा लाडका स्पर्धक ते बक्षीस घेऊन गेला. खेळात तो अंतिम दोघांतही नव्हता. आणि २०२५ मध्ये तर जाहीर झाले, की पन्नासाव्या पर्वातील खेळाच्या कित्येक बाबी प्रेक्षकांच्या कौलाने ठरतील. प्रेक्षकांच्या मताचा हा 'विजय' पाहून आपल्या अभ्यासकांना आनंद होईल. मला त्यात एवढेच दिसते, की निर्मात्याने आपल्या निवडीची जबाबदारी वाटून टाकली आणि नफा वाटला नाही.

६

हे सारे एका करमणुकीविषयी फार गंभीरपणे बोलणे झाले, असे कोणाला वाटेल. त्यांनी २०१९ चे एकोणचाळिसावे पर्व आठवावे. एका स्त्री स्पर्धकाने एका पुरुष स्पर्धकाच्या नकोशा स्पर्शाबद्दल कॅमेऱ्यासमोर रडत तक्रार केली. निर्मात्यांनी त्याला ताकीद दिली आणि खेळ चालू ठेवला. तक्रार करणारी स्त्री त्याच सुमारास मताने बाहेर गेली; इतर दोन स्त्रियांनी त्या अस्वस्थतेचा डाव म्हणून उपयोग केला. पुढे निर्मितीसंस्थेतील एका व्यक्तीशी संबंधित प्रसंगानंतर त्या पुरुषाला कार्यक्रमातून काढण्यात आले. हे प्रक्षेपित झाले तेव्हा प्रेक्षकांचा रोष त्या दोन स्त्रियांवरही कोसळला. दोघींनी जाहीर माफी मागितली. त्यांचे वागणे समर्थनीय नव्हते. पण अश्रू हे चालीचे साधन असू शकतात, हा धडा त्यांना कोणी दिला? वीस वर्षे 'उत्तम खेळ' म्हणून ज्याची वाहवा झाली, त्याच नियमाने त्या खेळल्या होत्या.

तरीही याच प्रसंगात प्रेक्षकांच्या मताने समीक्षेची पायरी गाठली, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. काही प्रेक्षकांनी प्रश्न पात्रांकडून कर्त्याकडे वळवला : तक्रार ऐकल्यावर कॅमेरा चालू ठेवणारे कोण? ताकीद पुरेशी आहे हे ठरवणारे कोण? हे दाखवायचे असे ठरवून त्यातून उत्कंठा निर्माण करणारे कोण? या टीकेनंतर वाहिनीला आपल्या कार्यपद्धतीत बदल जाहीर करावे लागले. प्रेक्षकाचे मत समीक्षा होऊ शकते. ते केव्हा होते, याचा हा दाखला आहे. 'पात्र कोण' हा प्रश्न सोडून 'हे कोणी रचले आणि ते कोणाला भोगावे लागते' हा प्रश्न त्याने विचारला, तेव्हा ते होते.

आपल्या वाङ्मयात या प्रश्नाची ओळख नाही असे नाही. 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) प्रसिद्ध झाली, तेव्हा प्रत्यक्ष जगणारी माणसे संहितेत आली म्हणजे वाचकाच्या निवाड्याचे काय होते, हा पेच मराठी समीक्षेपुढे उभा राहिलाच होता. कलाकृतीचे मोजमाप करायचे की जगण्याचे, असा तो पेच होता. तेथे निदान लेखणी ज्याची त्याच्या हाती होती. काय सांगायचे आणि काय गाळायचे हे तो ठरवत होता. बेटावरच्या माणसाच्या हाती तेवढेही नाही. आत्मकथनांच्या बाबतीत आपण जो संकोच बाळगला, तो येथे अधिक बाळगायला हवा होता. आपण तो टाकून दिला, कारण समोर 'लोकप्रिय संस्कृती' होती आणि तेथे सारे खेळीमेळीचे असते, असे आपण धरून चाललो.

हा केवळ परदेशी मामला म्हणून सोडून देण्याचीही सोय नाही. 'सर्व्हायव्हर'ची भारतीय आवृत्ती २०१२ मध्ये 'स्टार प्लस'वर येऊन एका पर्वात आटोपली. पण नेदरलँड्समध्ये १९९९ साली जन्मलेल्या 'बिग ब्रदर'चा वंश २००६ पासून हिंदीत आणि २०१८ पासून मराठीत नांदू लागला. 'बिग बॉस'च्या घरात ज्यूरी नाही. तेथे तगणे-न तगणे प्रेक्षकांच्या मतावर अवलंबून असते. म्हणजे अमेरिकेत ज्या दोन निवाड्यांतील अंतर निदान दिसते तरी, ते आपल्याकडे पुसूनच टाकले आहे. 'तो खरा वागतो', 'ती नाटकी आहे', 'मनाने चांगला आहे पण खेळत नाही' ही मते घरोघर ऐकू येतात. त्यांवर मराठीत प्रबंध होतील आणि व्हावेत. प्रश्न आहे तो कशा प्रकारचे व्हावेत, हा.

माझी मागणी साधी आहे. मतांचे वर्गीकरण करून थांबणाऱ्या प्रबंधाला आपण पदवी देऊ नये. असा अभ्यास करणाऱ्याने प्रत्येक मताला तीन प्रश्न विचारावेत. हे मत कोणत्या तासांवर आधारलेले आहे आणि कोणते तास त्याला दिसलेले नाहीत? या मतात कर्त्याला जागा आहे काय, की सारा भार पात्रावरच आहे? आणि हे मत ज्याच्याविषयी आहे, त्याला ते ऐकू जाते काय? तिसरा प्रश्न साहित्यशास्त्रातला नाही, असे कोणी म्हणेल. जोवर पात्रे कागदावर होती, तोवर तो नव्हता.

स्वीडनमधील त्या पहिल्या कार्यक्रमातून सर्वांत आधी बाहेर काढलेल्या स्पर्धकाने १९९७ च्या जुलैमध्ये, प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच, आत्महत्या केली. आत्महत्येचे एकच कारण सांगू नये आणि मीही ते सांगत नाही. एवढे मात्र नमूद करतो, की त्या वेळी एकाही प्रेक्षकाने त्याच्याविषयी मत दिलेले नव्हते. पुढे लक्षावधी मते कशाविषयी दिली जाणार आहेत, हे ठरवणारे काम संकलनाच्या टेबलावरच होत असते. प्रेक्षकांच्या मतांचा अभ्यास त्या टेबलापासून सुरू झाला पाहिजे.